दोरीएवढा गोल

सेलू
२९ जून १९८६

ती. सौ. अंबिकाअक्कास,
अनंताचा शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व ठीक. पत्रास कारण तुझी मनकर्णा. तिचं नाव आमच्याच शाळेत पाचवीला घातलं. केळवाडीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून तू लेक माझ्याकडे ठेवलीस, ही मी माझी जबाबदारी समजतो. गणित मीच शिकवतो. मुलगी दिवसभर माझ्या नजरेखाली आहे, काळजी नसावी.

बुद्धी उत्तम आहे, हे मी कबूल करतो. पण अक्का, वळण नाही. बाकावर बसवली की लगेच उभी. कधी खिडकीशी, कधी दाराशी, कधी दुसऱ्याच्या दप्तराशी. परवा मी फळ्यावर नफा-तोट्याचं उदाहरण तोंडानं सांगत सोडवत होतो. या बाईसाहेब दारात उभ्या राहून ग्राउंडवरचा खो-खो बघत होत्या. मी म्हणालो, "मनकर्णा, लक्ष कुठे आहे?" तर मागे वळूनसुद्धा न बघता म्हणते, "मामा, तिसऱ्या ओळीत तुमचं चुकलं." चुकलं होतं, हे खरं. सगळा वर्ग खो खो हसला. शाळेत मला मामा म्हणायचं नाही, हे तिला दहादा सांगून झालं आहे. मी तिला अंगठे धरून उभं केलं. चूक दाखवली म्हणून नव्हे, जागा सोडली म्हणून. हा फरक तू समजून घ्यावास.

तू आणि किशनरावांनी तिचे लाड फार केले. आता माझ्यावर सोपवलं आहेस तर मध्ये पडू नकोस. खाली तिला चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत.

आई, मी मजेत आहे. मामांच्या घरी नळ आहे. पाणी यायच्या आधी तो खोकतो. आत हवा अडकते म्हणून खोकतो, मी तोंड लावून पाहिलं. ढवळी व्याली का? इथून रेल्वे दिसत नाही पण ऐकू येते. मालगाडी असली की डबे आवाजावरून मोजता येतात, फक्त मध्ये कोणी बोलायला नाही पाहिजे, काल मी मोजत असताना आत्याआजी

(एवढं लिहून उठून गेली. हे असं आहे. — अनंत)


केळवाडी, येलदरी धरणाजवळ
१२ जुलै १९८६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत हाय, पण झाला न्हाई.

पोरगी दाराकडं तोंड करून तुझी चूक काढती, म्हंजी ती ऐकायलीय ना? मग लक्ष न्हाई कसं म्हणतोस? तुझ्या वर्गात हाताची घडी घालून बसलेल्या किती पोरांना ती चूक दिसली, ते सांग की मला.

तुझ्याकडं सोडायला आले तवाच मी चुलीपाशी बसून तुला अन तुझ्या कमलला सगळं सांगितलं व्हतं. हिला बसवून काही सांगितलं की ते शिरत न्हाई. फिरता फिरता सांगितलं की एकदाच सांगावं लागतं. पाढे मी तिला शेताच्या वाटंवर शिकवले. मी पुढं, ती कधी मागं, कधी बांधावर, कधी लिंबाच्या झाडावर, अन तोंडानं एकोणतीसचा पाढा. तिचे पाय थांबले की डोकं कुठंबी पळून जातंय. तवा तू मान हलवून हो हो म्हणालास. मास्तरकी आंगात आली की बहिणीचं ऐकलेलं इसरतं का?

अन लाडाचं मला सांगू नको. मी काय कमी बेजार झाले? मागच्या उन्हाळ्यात म्हशीला पाणी पाजायला धाडली, तर म्हैस नदीत सोडून ही काठावर मुंग्यांची वाट वळवीत बसली. म्हैस तिसऱ्या गावात सापडली. चपलांचा तर हिशेबच न्हाई. दूध उतू, मोटार चालू, दार सताड. मी काय देवी हाय का? मीबी हात उचललाय. एकदा लय मारलं. तर निजताना मला म्हणती, "आई, मारल्यावर माझ्यात काय बदलतं ते तुला दिसतं का? मी शोधायलेय, मला सापडत न्हाई." टोमणा न्हाई रे, खरंच इचारत व्हती. तवापासून माझा हात उठत न्हाई. उठला तरी परत खाली येतो.

तिला वर्गात मागं उभं राहू दे, एवढंच कर. दुसरं काही मागत न्हाई. ढवळीला कालवड झालीय असं तिला सांग.

तुझी,
अक्का


सेलू
२० ऑगस्ट १९८६

ती. सौ. अक्कास सा. नमस्कार.

वर्गात एकीला उभं राहू दिलं तर उद्या चाळीस जण उभे राहतील. शाळा म्हणजे शेताची वाट नव्हे. असो.

आनंदाची गोष्ट अशी की पार्वतीआत्यानेच यावर उपाय काढला. चातुर्मासात तिने मनकर्णाच्या नावाने लाख वातींचा नेम धरला आहे. देवापुढे लावायच्या लाख वाती, आणि त्या मनकर्णानेच स्वतःच्या हाताने वळायच्या. आत्याचं म्हणणं, कापूस चिमटीत धरून वात वळायला लागली की पोरीचं बूड आपोआप ठरेल. शाळेतून आली की ओसरीत आत्याजवळ पाट मांडून बसते. मध्ये उठते, पण आत्या परत बसवते. पूर्वीपेक्षा पुष्कळ फरक आहे. मी नास्तिक नाही, पण अंधश्रद्धाळूही नाही. मन एकाग्र करण्याचा हा सराव आहे, एवढंच मी बघतो.

नेम धरला की मध्ये मोडता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. आत्या पंधरा वर्षांपासून माझ्या घरी आहे, तिचा मान तू राखशील अशी खात्री आहे. मनकर्णाला आज लिहायला सवड नाही, वाती चालू आहेत. चूक झाली तर आत्या सबंध ओंजळ परत करायला लावते. कठोर आहे, पण माया आहे.

तुझा,
अनंत


केळवाडी
२ सप्टेंबर १९८६

चि. अनंतास आशीर्वाद.

आत्यानं देवाचं काढलं, म्हून मी गप बसते. न्हाई तर दहा वर्साच्या पोरीला लाख वाती वळायला लावणाऱ्याला मी काय म्हणले असते ते तुला मालूम हाय. आपल्या आईनं मरताना आत्याचा हात तुझ्या हातात दिला, ते मी इसरले न्हाई.

पण एक सांग. पोरगी शाळंतून आल्यावर आधी जेवती का आधी वाती? तिला भूक लागली की डोळ्यापुढं अंधारी येती. अन ह्या पत्रात तिनं एक ओळ लिहिली न्हाई. ढवळीला कालवड झाली, हे ऐकून तिनं काहीच इचारलं न्हाई? रंग कोणता, कपाळाला चांदा हाय का, काहीच न्हाई? ही मपली लेक वाटत न्हाई.

हे म्हणाले, उगं शंका काढू नको, मास्तराच्या घरी हाय. मास्तराच्या घरी हाय म्हूनच काढायलेय.

अक्का


सेलू
१४ सप्टेंबर १९८६

ती. अक्का,

तुझ्या लेकीचा पराक्रम ऐक.

परवा दुपारी आत्या झोपली होती, मी शाळेत, कमल बाजारात. मनकर्णाला ताप होता म्हणून घरी ठेवली होती. तिने माझी सायकल अंगणात उलटी उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढून फेकला, आणि आत्याच्या पेटीतलं सूत रिंगवर गुंडाळत सुटली. पायडल हातानं फिरवायचं, सूत भराभर चाकावर बसतं, मग एका जागी कात्रीनं कापलं की वातींचा भाराच्या भारा. संध्याकाळपर्यंत राहिलेल्या सगळ्या वाती झाल्या. आत्या उठली तर ओसरीत ढीग, आणि ही म्हणे, "आजी, संपलं. आता मी जेवू का?"

आत्या कपाळाला हात लावून रडली. देवाला यंत्राची वात! वात हाताने वळायची असते, नाव घेत. मनकर्णाचं उत्तर काय, तर "पायडल मी हातानंच फिरवलं." आत्यापुढे! म्हाताऱ्या विधवा बाईपुढे! नेम मोडला, असं आत्याने सांगितलं. आता पहिल्यापासून.

हुशारी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही हुशारी कष्ट टाळायची आहे, आणि तिला आज आवर घातला नाही तर उद्या ती कुणालाच आवरणार नाही. मी शिक्षा केली आहे. काय केली ते तुला कळवायची गरज नाही, घरातली गोष्ट घरात. आठवडाभर शाळेतही पाठवणार नाही. तू निश्चिंत राहा.

अनंत


सेलू
१७ सप्टेंबर

प्रिय आई,

हे पत्र मामी पेटीत टाकणार आहेत. मामांना सांगायचं नाही, नाहीतर मामींना बोलणं बसेल.

कालवडीचा रंग कोणता आहे? मला मामांनी आज सांगितलं की ती झाली. तिला चांदा आहे का?

मला ओसरीतल्या खांबाला बांधलंय. उजवा पाय. दोरी सुताची आहे, आधी टोचत नव्हती. मी ती ताणून धरून फिरले की खांबाभोवती गोल होतो. पण तो गोल नाही! कारण दोरी खांबाला गुंडाळत जाते आणि प्रत्येक फेरीला मी थोडी आत येते. आत येत येत शेवटी मी खांबाला चिकटते. मग उलट्या बाजूने फिरायचं, की परत बाहेर. खडूनं काढून पाहिलं, गोगलगायीच्या पाठीवर असतं तसं येतं. याला गोल म्हणत नसतील, दुसरं नाव असेल. मामांना विचारलं. ते म्हणाले खाली बस.

वाती झाल्याशिवाय जेवायचं नाही, ते तर पहिल्यापासूनच होतं, त्याचं काही नाही. मामी पदराखालून भाकरी देतात. काल मात्र मला मोरीत जायचं होतं आणि सगळे बाहेर गेले होते. मी हाका मारल्या. मग ते झालं. मामी धुवायला आल्या, मी त्यांना हात लावू दिला नाही, मीच धुतलं.

आई, तू म्हणतेस मी वाईट नाही. पण मी बसायचं अगदी ठरवते, आणि मग बघते तर मी उठलेली असते. मधलं मला कळतच नाही. तुला येताना दिसलं तर सांग, कुठं चुकतं ते.

मनी


केळवाडी
२७ सप्टेंबर १९८६

अन्या,

ह्या पत्राला वर आशीर्वाद न्हाई. शोधू नको.

मनीचं पत्र आलं त्या दिवशी जिंतूरहून एकबी गाडी सुटली न्हाई. नामांतराचा मोर्चा व्हता, रस्ते बंद. हे म्हणाले, दोन दिवस थांब. मी म्हणले, दोन दिवस ती खांबाला हाय. जिंतूरपातूर दुधाच्या गाडीत उभी आले. तिथून पुढं पायी निघाले, मधी एका बैलगाडीवाल्यानं घेतलं. हे तुला कामून सांगायलेय? सेलूला पोचले तवर माझा राग निवला असंल असं तुला वाटू नये म्हून.

तू पुढच्या खोलीत शिकवणी घेत बसला व्हतास. दहाबारा पोरं, ओळीत, हाताची घडी. मला बघून हसलास. "अरे, अक्का! अचानक?" अन मागं ओसरीत मपली लेक म्हशीसारखी दाव्याला बांधलेली. म्हैस तरी मी लांब दाव्यानं बांधते. पायाला दोरीनं कातडं सोललेलं, त्याच्यावर माशा. मला बघून पळत आली अन दोरी संपली तिथं तोंडावर पडली. इळी घेऊन मी ती दोरी कापली तवा आत्या वरडायली, नेम मोडला, नेम मोडला. मोडला तर मोडला! ज्या देवाला उपाशी लेकराच्या हातच्या वाती पायजेत, त्याच्यापुढं अंधार राहू दे.

हो, मी वरडले. सगळी गल्ली गोळा झाली. झाली तर झाली. तुपली शिकवणीची पोरं दारात येऊन बघायली, त्यांनीबी बघावं सर काय करतेत ते.

अनंता, आपल्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यातली असली तरी पडतो. तुझ्या लग्नात, बोहल्यावर चढायच्या आधी, तू ह्याच पोरीच्या पाया पडलास. तीन वर्साची व्हती, थांबंना, तर मंडपात तिच्या मागं पळत जाऊन पडलास अन सगळे हसले. भाचीच्या पायाला मामाचा हात लागतो तो एवढ्यासाठी. तू त्याच पायाला गाठ मारलीस. आत्यानं मारली म्हणू नको. आत्याला गाठ घट्ट बसत न्हाई, तिची बोटं वाकडी झालेत. ती गाठ तुपली व्हती. मी तुला बुटाची नाडी बांधायला शिकवलीय, मला तुपली गाठ वळखू येती.

तू शिकावंस म्हून माझी शाळा सातवीत सुटली. कधी बोलले न्हाई, आज बोलते. ह्याच्यासाठी शिकलास का?

अंबिका


सेलू
५ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास,

तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं. तू रागात आहेस, म्हणून शब्दांचं वाईट वाटून घेत नाही.

परंतु वस्तुस्थिती अशी. दोरी मऊ होती. पूर्ण वेळ बांधत नव्हतो, रात्री सोडत होतो. शाळेत काही पालक आपली मुलं आमच्या हवाली करताना स्वतः सांगतात, सर, हाडं आमची, कातडं तुमचं. मी तर छडीसुद्धा लावली नाही. तुझ्या मुलीला चांगलं वळण लागावं यापलीकडे माझा काय स्वार्थ होता? मी माझ्या पोटच्या मुलाला जसं केलं असतं तसंच केलं. मूल नाही म्हणून मला मुलं कळत नाहीत, असं तू ओसरीत म्हणालीस. ते कमलने ऐकलं.

चार दिवस मी शाळेत मान वर करून चाललो नाही. शिकवणीची निम्मी पोरं बंद झाली. गल्लीत बायका आत्याशी बोलत नाहीत. तू घरात शिरलीस, इळी घेतलीस, आणि सगळ्यांदेखत मला अन्या म्हणालीस. अक्का, मी मास्तर हाय इथं. माझी काही इज्जत हाय का न्हाई?

झालं ते झालं. भाऊबीजेला नेहमीप्रमाणे येईन. तेव्हा समोरासमोर बोलू.

तुझा,
अनंत


केळवाडी
२० ऑक्टोबर १९८६

अनंत,

येऊ नको. ताट मांडणार न्हाई.

कमलनं जे ऐकलं ते मी म्हणायला नको व्हतं. ते तिला सांग, माझं नाव घेऊन सांग. तिच्या पदराखालच्या भाकरीवर मपली लेक जगली.

तुला मी काही वाईट बोलले न्हाई. जे बोलले ते खरं हाय. तुपली इज्जत गेली म्हणतोस, अन पत्रभर एकदाबी इचारलं न्हाईस की पाय बरा झाला का. दोन पानं लिहिलीस, अनंता. एक ओळ न्हाई.

माफी मागायची असंल तर माझी मागू नको. मी मोठी हाय, मी ओरडून मोकळी झाले. जिची मागायची ती दहा वर्साची हाय. जमंल तवा ये.

अंबिका


सेलू
८ जानेवारी १९८८

ती. अक्कास नमस्कार.

वर्ष झालं, तुझं पत्र नाही. सोयरे सांगतात की तू मनकर्णाला घेऊन जिंतूरला खोली करून राहतेस आणि किशनराव गावी एकटेच हाताने भाकरी थापतात. लोक काय बोलतात हे मी लिहीत नाही. एका मुलीच्या शिक्षणासाठी भरला संसार दोन ठिकाणी करणं शहाणपणाचं आहे का, याचा विचार कर. अशा मुलांचं पुढे काही होत नसतं, अक्का. बावीस वर्षांच्या नोकरीत अशी पुष्कळ पाहिली. सुरुवातीला चमक दिसते, मग विझतात. तुझी निराशा होऊ नये म्हणून लिहितो.

आत्या अंथरुणावर आहे. मनकर्णाची आठवण काढते.

अनंत


जिंतूर
१९ जानेवारी १९८८

अनंत,

पुष्कळ पाहिली म्हणतोस ना? ती कुणी विझवली, तेबी कधी बघ.

आत्या आजारी हाय म्हून उत्तर देते. मनीला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं व्हतं. पहिल्या डॉक्टरनं मलाच इचारलं, बाई, लाड फार केले का? मला वाटलं हा तुपलाच भाऊबंद हाय. त्याच्या टेबलावरून उठले. दुसऱ्या बाई डॉक्टर व्हत्या. त्यांनी मनीला खोलीत हिंडू दिलं अन हिंडता हिंडता इचारत राहिल्या. शेवटाला म्हणाल्या, हिला लक्ष न्हाई असं न्हाई. हिचं लक्ष एकाच येळी सगळीकडं जातं, अन कुठं ठेवायचं ते तिच्या हातात न्हाई. जन्मापासून असतं, मेंदूचा घाट असा असतो. इंग्रजीत नाव हाय, चिठ्ठीवर लिहून दिलं. मारून जाईल का, मी इचारलं. त्या म्हणाल्या, मारून डोळ्याचा नंबर जातो का? मला रडू आलं. मी औरंगाबादच्या रस्त्यावर पदर तोंडाला लावून रडले, अन तेवढ्यात ही पोरगी हात सोडून एका घड्याळवाल्याच्या दुकानात शिरली. अर्धा तास शोधली. सापडल्यावर रडावं का हसावं ते कळंना.

सोपं झालंय असं समजू नको. घासलेट आणायला गेली की बाटली दुकानात ठेवून येती. निबंध अर्धा लिहून दुसराच सुरू करती. मी दिवसाला शंभरदा ओरडते अन रात्री पश्चात्ताप करते. पण इथल्या शाळंत गीताबाई म्हून मास्तरीण हायत. त्यांनी हिला मागं उभं राहायची जागा दिली. मधी मधी हौदावरून पाणी आणायला धाडतेत, परत आली की गणित घालतेत. चाळीस पोरं उभी राहिली न्हाईत, अनंता. एकबी न्हाई.

हे तिकडं एकटे भाकरी थापतेत, हे खरं. लोकं बोलतेत, तेबी खरं. पहिल्या महिन्यात करपलेली भाकरी फडक्यात बांधून आणून मला दाखवली त्यांनी, अन म्हणाले, शिकायलोय. माझ्या घरातला अडाणी शेतकरी पन्नाशीत शिकायलाय. तू बावीस वर्सं शिकवायलास.

आत्याला माझा नमस्कार.

अंबिका


सेलू
३ जुलै १९८९

ती. सौ. अक्कास सा. नमस्कार.

हार्दिक अभिनंदन! सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आपली मनकर्णा जिल्ह्यात पहिली! पेपरात नाव वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये मी उभाच राहिलो. सगळ्यांना सांगितलं, ही माझी भाची, पाया इथेच घातला गेला. अक्का, मी चुकलो असेन, पण थोडं वळण तेव्हा लागलं ते आज उपयोगी पडलं, हे तूही मनात मान्य करशील.

आमच्या संस्थेने आमची माजी विद्यार्थिनी म्हणून तिचा सत्कार ठरवला आहे. शाल, श्रीफळ, व्यासपीठावर पाहुण्यांशेजारी खुर्ची. मला येत्या वर्षी मुख्याध्यापक करण्याचं चाललं आहे, त्या दृष्टीनेही हा कार्यक्रम व्हावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. सोळा तारखेला रविवारी धरला होता तो तुमच्यासाठी तेवीसवर ढकलला. पत्रिका छापायला दिल्या आहेत. तासाभराचा प्रश्न आहे, तेवढा वेळ तिने शांत बसावं, एवढं समजावून आण. आता मोठी झाली आहे.

झालं गेलं विसरू या.

तुझा,
अनंत


जिंतूर
१० जुलै १९८९

अनंत,

पाया तू घातलास. वाचून मी हातातलं लाटणं भिंतीवर मारलं. भिंतीचा पोपडा निघाला, घरमालकीण बोलून गेली.

तुपल्या पत्रात "झालं गेलं विसरू या" असं हाय. तू इसरलास हे मला दिसतंय. तीन वर्सांत तू माफीचा एक शब्द धाडला न्हाईस, अन आता पत्रिका छापून मोकळा झालास. तिला एक तास खुर्चीवर बसवायचंय! अजून बसवायचंच हाय तुला!

मी तर न्हाईच म्हणणार व्हते. पण सत्कार तिचा हाय, म्हून पत्र तिच्या हातात दिलं अन म्हणले, तुझं तू लिही. तिनं काय लिहिलं ते मी वाचलेलं न्हाई. चिकटवून टाकायलेय.

अंबिका


मामा,

हे पत्र दोन शाईंत आहे कारण मध्ये उठले तेव्हा पेन कुठं ठेवलं ते सापडलं नाही.

सत्काराला मी येणार नाही. आई नको म्हणाली म्हणून नाही. ती तुझं तू लिही म्हणाली, आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

माझ्या लक्षात काही राहत नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. डबा शाळेत राहतो. छत्री एस.टी.त राहते. परीक्षेला मी पट्टी विसरले, गीताबाईंनी दिली. काल बाबा गावाहून आले, त्यांना पाणी द्यायला उठले आणि अंगणात जाऊन चिमणीचं घरटं बघत बसले, बाबांनी स्वतः घेतलं. म्हणून मला वाटलं होतं की तुमच्या ओसरीतलं पण जाईल. माझं सगळंच जातं, मग हे पण जाईल. मी वाट बघितली. ते जात नाही. मोरीचं तर अजिबातच जात नाही. स्टेजवर सगळ्यांसमोर खुर्चीत बसले की मला तेच आठवेल, आणि मी उठेन, आणि तुम्ही माझ्याकडे बघाल. मला माहीत आहे तुम्ही कसं बघाल.

पत्रिका छापल्यात तर दुसऱ्या कोणाचा तरी सत्कार करा. वर्गात शेवटच्या बाकावर कोणीतरी असेलच.

पत्राच्या शेवटी घरातल्या सगळ्यांना नमस्कार लिहायचा असतो. मामींना माझा नमस्कार. आत्याआजींना नमस्कार, त्यांना बरं वाटू दे. अजून कोणी राहिलं असेल, तर ते मी विसरलेले नाही.

मनकर्णा